कॅपेसिटाबिनची गोळी घरी सुरू करताना

ताई, बाबांना गोळी घरीच घ्यायचीय म्हणून घाबरू नका. जमेल तुम्हाला. पण ही कॅन्सरची केमोच आहे, हे घरात सगळ्यांना सांगा.

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत. दोन वेळांत साधारण १२ तास. सकाळी अकराच्या पेजेवर थांबू नका, आठला न्याहारी द्या. एक वेळ चुकली तर पुढची दुप्पट नको. गोळी कुटू नका.

आणि सहन करत बसणं, ही खरी चूक! १००.४ फॅरनहाइट ताप, न थांबणारे जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होऊन दुखणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन करा, रात्र असली तरी. बांबोळीच्या इस्पितळातल्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा झाडपाल्याचं औषध चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा.