पायथनमधील प्राथमिक शंका कुठे विचाराव्यात?

नाशिकमध्ये पदविकेच्या पहिल्या वर्षाला असताना स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारलेली आपली पायथन या प्रोग्रामिंग भाषेची शंका लगेच उत्तरांसाठी बंद झाली, असे आपण लिहिले आहे. २००८ साली सुरू झालेले ते संकेतस्थळ शिकवणीसाठी नसून पुढील वाचकांनाही उपयोगी पडतील अशा नेमक्या प्रश्नांसाठी आहे. नवशिक्यांसाठी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील ‘लर्नपायथन’ हा समूह अधिक योग्य, आणि खरे तर अधिक सोशिकही आहे. मात्र तेथेही ‘प्रोग्राम चालत नाही’ एवढेच लिहू नये. समजा, प्रोग्राममध्ये द्राक्षांच्या दोन क्रेटची वजने २० आणि १५ अशी टाकल्यावर बेरीज ३५ ऐवजी २०१५ दिसत असेल, तर प्रोग्राममधील त्या बेरजेच्या तीन ओळी, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर टंकून द्यावे, स्क्रीनशॉट नको. वापरकर्त्याने टाकलेले घेणारी ‘इनपुट’ ही आज्ञा नेहमी मजकूरच देते, म्हणून बेरजेऐवजी २० आणि १५ नुसते जोडले जातात; तो मजकूर ‘इंट’ या आज्ञेने आकड्यात बदलावा लागतो, हे मग कोणीही चटकन सांगेल.