सुरकुती, आठी की चुणी?

तुमच्या मजकुरात एका बाईच्या ‘कपाळावर सुरकुत्या पडल्या’ असं आहे. म्हातारपण सांगायचं असेल तर बरोबर आहे. पण ती बाई तिथे वैतागली आहे ना? मग तिच्या कपाळाला आठ्या पडतात. सुरकुती वयाने येते आणि राहते, आठी मनातल्या नाराजीने येते आणि जाते. सुकलेली वांगी सुरकुततात, त्यांना आठ्या पडत नाहीत.

कापडाचं वेगळं. शिवताना मुद्दाम घेतलेल्या त्या चुण्या, नेसताना खोचलेल्या त्या निऱ्या. बोचक्यात कोंबलेला सदरा मात्र चुरगळतो. पोटाला वळ्या पडतात आणि करंजीच्या कडेला मुरड घालतात. (हीच मुरड ‘नाक मुरडणे’मध्ये येते, मला ती फार आवडते.)

‘घडी’ जपून वापरा. साडीची घडी घालणं म्हणजे दुमडून ठेवणं, पण ‘घडी मोडणं’ म्हणजे नवं वस्त्र पहिल्यांदा नेसणं. संसाराची घडी मात्र बसते किंवा विस्कटते.

अडलंच तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा, आणि घरातल्या आजीला विचारा. मी आधी आजीलाच विचारते.