जुनी व्हीटेक विकायचीय, आधी रिपेअर करू का?

प्रश्न: माझ्याकडे २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक (इंजिन जोरात फिरताना व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) आहे. क्लच स्लिप होतोय, खड्ड्यात पुढून खडखड येते, एसी गार करत नाही आणि दाराखाली थोडा गंज धरलाय. गॅरेजवाल्याने सगळं मिळून १ लाख १० हजार सांगितलेत, त्यातले ६० हजार नुसत्या फुल पेंटचे. एकजण जशी आहे तशी दीड लाखाला मागतोय. खर्च करून विकू की देऊन टाकू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अहो, रंगाला आधी हात लावू नका! ही गाडी रोज ऑफिसला जाणारा माणूस घेणारच नाहीये, घेणारा असेल तो व्हीटेकचा वेडा, ज्याला माहितीय की हिच्यानंतर २००३मध्ये आलेल्या सिटीला ७७ बीएचपी ताकद होती आणि हिला १०६, आणि असा माणूस २४ वर्षांची गाडी चकाचक दिसली की खूश होत नाही, खाली वाकून पुट्टी कुठे भरलीय ते बोटाने वाजवून बघतो. गंज उघडा दिसू दे, तो त्याचा भाव धरून बोलेल.

क्लच मात्र कराच. कारण सोपं आहे, या इंजिनाची गंमत वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना आहे, आणि क्लच घसरत असेल तर टेस्ट ड्राइव्हला आरपीएम नुसते चढणार, गाडी पुढे जाणारच नाही, मग तो कशाचे पैसे देणार? पुढच्या सस्पेंशनचे रबरी बुश पण त्याच वेळी बदलून घ्या, खडखड ऐकली की गिऱ्हाईक मनातल्या मनात २०-२५ हजार कापतं. ऑइल नवीन टाका, व्हीटेक चालू करणारी पिन ऑइलच्या प्रेशरनेच सरकते, म्हणून जाणकार डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) पहिली काढतो. टायमिंग बेल्ट (इंजिनातला ठराविक काळाने बदलायचा पट्टा) बदलल्याचं बिल असेल तर शोधून ठेवा, ते रंगापेक्षा जास्त पैसे मिळवून देईल. एसीचं तोंडी सांगून टाका, लपवू नका.

आणि आरसी बघा हो! १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू होते, म्हणजे तुमची २०२७ला येणार, शिवाय २० वर्षांवरच्या कारची फी २०२५मध्ये ५ हजाराची १० हजार झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. हे घेणाऱ्याला आधीच कळू दे, नाहीतर ऐनवेळी त्यावरूनच घासाघीस होते.

दीड लाखवाल्याला नाही म्हणू नका, क्लच झाल्यावर एक चक्कर मारायला बोलवा.