कावाखान्यानंतर काय वाचू?

प्रश्न : ताई, माझं वय ५२. भांडुपला राहते, परळच्या एका रुग्णालयात लॅबमध्ये नोकरीला आहे. जाता-येता लेडीज डब्यात वाचते. दिवाळीपासून तीन पुस्तकं वाचून झाली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आणि दया पवारांचं ‘बलुतं’. ‘बलुतं’मधल्या कावाखाना या मुंबईतल्या वस्तीतल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या-कागद वेचायला जातात, त्या पानांत इतकी गुंतले की परळ कधी गेलं कळलंच नाही. करी रोडला उतरून मागे आले. पण तेव्हापासून महिना झाला, एकही पुस्तक लागत नाही. मैत्रिणीने शंभर पुस्तकांची यादी पाठवली, त्यातली चार आणली आणि चारही वीस-तीस पानांवर सोडली. माझं वाचन संपलं का? वडील लालबागला गिरणीत होते. आई खानावळ चालवायची, चौदा माणसं जेवायला असत. संपात ती बंद पडली. घरात वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून हे सुटू नये असं फार वाटतं. पुढे काय वाचू?

उत्तर : वाचन संपलेलं नाही हो. गिरगावातल्या एका वाचनालयात मी ३१ वर्षं काउंटरवर बसले. ‘बलुतं’ परत करून दोन-दोन आठवडे नुसतं वर्तमानपत्र चाळणारे सभासद मी पाहिलेत. एकजण तर म्हणाले होते, “बाई, आज काही देऊ नका, अजून ते उतरलं नाही.” ते पुस्तक आहेच तसं. १९७८ साली आलं. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन होऊन समोरासमोर बसतो, आणि आपण तिसरे. तिथून उठून लगेच दुसऱ्याच्या घरी जेवायला जाववत नाही. महिनाभर काही लागलं नाही, ते योग्यच झालं.

ती यादी मात्र बाजूला ठेवा. मैत्रिणीने प्रेमाने पाठवली, हे खरं. पण शंभर नावं बघून माणूस वाचायला नाही, हजेरी लावायला बसतो. तुमची ती चार पुस्तकं त्यामुळेच सुटली असं मला वाटतं. ती वाईट नसतील, तुम्ही त्यांच्याकडे गेलात ते यादीतल्या नावावर खूण करायला.

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘स्मृतिचित्रे’बद्दल तुम्ही नावापलीकडे काही लिहिलं नाहीत, सुनीताबाईंबद्दलही नाही. स्टेशन चुकलं ते चिंध्या वेचणाऱ्या बायांपाशी. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, आईच्या खानावळीचं आलं. चौदा माणसांचा स्वयंपाक म्हणजे पहाटेच्या पाळीवाल्यांचा डबा, रात्रपाळीवाल्यांचं जेवण, चूल कधी विझतच नसणार. तुम्ही कावाखान्यात थांबलात ते या बाईसाठी. बाईच्या हातांनी चालणारं घर तुम्हाला वाचायचंय.

म्हणून उर्मिला पवारांचं ‘आयदान’ घ्या. २००३ सालचं आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूच्या वस्तू, सुपं, टोपल्या, रोवळ्या. रत्नागिरीकडच्या गावात लेखिकेची आई नवरा गेल्यावर त्या विणून घर चालवते. आईची वीण आणि आपल्या लिखाणाची वीण एकच, असं लेखिकेने म्हटलं आहे, आणि वाचताना ते पटत जातं. आईच्या हातातली बांबूची पाती पुस्तकभर सरसरत राहते. पुढे मुलगी लग्न होऊन मुंबईत येते, नोकरी करते, शिकते, चळवळीत जाते, आणि ‘बलुतं’मध्ये ज्या बायकांना आपण बाहेरून पाहिलं, त्यांतली एक इथे स्वतः बोलायला लागते. तुमच्या तीन पुस्तकांशीही हे जुळतं. लक्ष्मीबाई काय, सुनीताबाई काय, दोघींनी मोठ्या नावाच्या नवऱ्याशेजारी राहून आपलं सांगितलं. उर्मिलाताईंच्या घरात नाव मोठं होतं ते बायकोचं, आणि ते पेलणं नवऱ्याला सोपं गेलं नाही. ती प्रकरणं सावकाश वाचा.

त्यानंतर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. लहानसं आहे. मी या पावसाळ्यात ते तिसऱ्यांदा वाचलं, आणि बाळंतिणीच्या भुकेची पानं या वेळीही एका बैठकीत पुरी करता आली नाहीत. मध्ये हलकं काही हवं झालं तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आणा. लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी आहेत. घाटकोपर ते दादर एक गोष्ट आरामात होते.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. तुमच्या एका बाजूला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं, आणि दुसऱ्या बाजूला दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालचं. परतीच्या वाटेवर पहिलं स्टेशन दादरच. वर्गणी भरा. पुस्तक बदलायला जावंच लागतं, त्यानेही वाचन टिकतं. आणि पर्समध्ये एक लहान वही ठेवा. सारांश नको, फक्त जिथे थांबलात तो पान नंबर आणि एक ओळ. “पान अमुक, करी रोड” एवढंही चालेल. पुढचं पुस्तक निवडताना मी अजून माझी वहीच उघडते.

आई तुमच्याजवळ असेल तर ‘आयदान’ तिला रोज चार पानं वाचून दाखवा. ती मध्येच तुम्हाला थांबवेल आणि स्वतःचं सांगायला लागेल. तेव्हा पुस्तक मिटा आणि ऐका.

एक नाव मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. जयंत पवारांचं ‘अधांतर’. नाटक आहे, दोन दिवसांच्या प्रवासात वाचून होईल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो नीट मिटलाच नाही, आणि त्या काळात चाळीतल्या एका घरातली आई आणि तिची मुलं कशी उसवत गेली, ते यात आहे. तुमच्या वडिलांची गिरणी आणि आईची थंडावलेली चूल दोन्ही तुम्हाला यात भेटतील. हे मात्र आईला वाचून दाखवू नका. आधी एकटीने वाचा, आणि शक्यतो गाडीत नको, रविवारी घरी.