तडकलेल्या तीन गोळ्या

धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते: टायटॅनियम हायड्राइडच्या (टायटॅनियम आणि हायड्रोजनच्या संयुगाच्या) पावडरीपासून घन टायटॅनियम बनवण्याचा प्रोजेक्ट मिळालाय. पावडर दाबून केलेल्या पहिल्या तिन्ही गोळ्या भट्टीत तडकल्या. विषय फार अरुंद वाटतो. यात करिअर होईल का?

गोळ्यांचं तू जाता जाता लिहिलंस, मी मात्र तिथेच अडकलो. तापवण्याचा वेग किती होता? हायड्राइडमध्ये वजनाने साधारण ४ टक्के हायड्रोजन असतो आणि व्हॅक्यूममध्ये तो ४०० अंशांच्या आसपास सुटायला लागतो. तिथे घाई केली की वायूला निघायला उसंत मिळत नाही, गोळीही सगळीकडून सारखी आकसत नाही. त्या टप्प्यात मिनिटाला एक-दोन अंशांनीच जा. वायू सुटताना चढलेलं व्हॅक्यूम गेज पुन्हा खाली येईपर्यंत थांब, मगच १२०० च्या पुढे चढ.

हायड्राइडची गंमत त्याच्या ठिसूळपणात आहे. प्रेसखाली दाणे फुटतात, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि सिंटरिंग (न वितळवता, तापवून दाणे एकमेकांना जोडणं) सोपं होतं. नीट जमलं तर भट्टीत दाब न देताही ९८-९९ टक्के घनता मिळते. पण घनता आली म्हणून नाचू नकोस. टायटॅनियम ऑक्सिजन अधाशासारखा शोषतो आणि आत शिरलेला सहजी बाहेर निघत नाही. ग्रेड २ या शुद्ध टायटॅनियमच्या प्रतीला कमाल ०.२५ टक्के ऑक्सिजन चालतो, हायड्रोजन ०.०१५ टक्के. हे दोन आकडे नसलेला प्रोजेक्ट रिपोर्ट मी तरी अर्धवटच समजतो.

आता करिअरचं. निव्वळ हायड्राइडवरच्या नोकऱ्या मोजक्याच, हे खरं. पण व्हॅक्यूम भट्टी, डाय (साचे), आकुंचनाचा हिशेब, मायक्रोस्कोपखाली धातूची सूक्ष्मरचना वाचणं हे सगळं कार्बाइडची हत्यारं, पावडरीचे स्टील पार्ट, इम्प्लांट, धातूचं थ्रीडी प्रिंटिंग इथे जसंच्या तसं लागतं. संशोधनात जायचं असेल तर पदव्युत्तर शिक्षणाला पर्याय नाही. उत्पादनात जायचं असेल तर आधी दोन वर्षं भट्टीपाशी काढ. (बारीक पावडर पेट घेते, हे विसरू नकोस.)

त्या गोळ्या फेकल्या नसशील तर एक कापून पॉलिश कर आणि मायक्रोस्कोपखाली बघ, भेग कडेपासून सुरू झालीय की मधून. तापमानाच्या नोंदींसह मला कळव.