डफ शेकायला बोलवा

प्रश्न : ताई, आम्ही सात मैत्रिणी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात शिकतो. मागच्या थंडीत 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, एका वस्तीत गाण्यांचा आणि मुलांच्या चित्रांचा कार्यक्रम घेतला. मंडप, खुर्च्या, माइक, सगळं केलं. पण बायका आल्या नाहीत, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. यंदा गाणी-चित्रं सोडून पाण्यावर सरळ सभाच घ्यावी, असं आमच्यातल्या काहीजणी म्हणतात. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : पोरी, दारात उभ्या होत्या म्हणजे आल्याच होत्या की! खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसायला त्यांना परकं वाटलं असणार. आणि वेळ कुठली धरली होती? दिवेलागणीची असेल, तर तेव्हा तव्यावर भाकर असते. जेवणं उरकू द्या, आठला सुरू करा. भोंगा रात्री दहाला बंद करावाच लागतो, पण तुम्हाला तो लागणारच नाही.

मी कॉलेजात असताना जलशात कोरसला उभी राहायची. थंडीत डफाचं चामडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून आधी डफ जाळावर शेकावा लागे. पाचटाचा जाळ भर्रकन उठतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर डफ फिरवत राहायचा, मधूनच बोटानं टिचकी मारून नाद बघायचा. जास्त शेकला तर चामडं तडकतं. एवढ्या वेळात हात शेकायला म्हणून माणसं जमायची. कुणी नातवाला घेऊन, कुणी डोक्यावर चादर घेऊन. शाहीर उभा राहण्याआधीच बोलणं रंगलेलं असायचं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 1978 ला विधिमंडळात झाला, आणि त्याला विरोध म्हणून दलित वस्त्यांत झालेल्या जाळपोळीत आमचं गाव सुटलं. त्यानंतर कित्येक वर्षं माझी आई शेकोटीजवळ बसत नसे. पहिल्यांदा बसली ती अशा डफाच्या जाळाशी. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, तेव्हा विधिमंडळाच्या ठरावाला सोळावं वर्ष लागलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं भाषणं थोडी का ऐकली? त्यातलं तिला काही सांगता येत नसे. गाणी मात्र एकेक कडव्यासकट पाठ होती. म्हणून म्हणते, गाणं सोडू नका.

पाण्याचा प्रश्न गाण्यातच घ्या. वस्तीत जात्यावर दळलेल्या आज्या असतील, त्यांच्याकडून ओवी घ्या. सुरुवात करून द्यायला ही धरा :

पहिली माझी ओवी गं, रातीच्या नळाला,
हंड्यापाशी जागते मी, झोप नाही डोळ्याला.

दुसरी ओवी त्या स्वतःच लावतील, तुम्ही फक्त लिहून घ्या. मुलांना चुना, गेरू आणि थोडी नीळ द्या. ज्याची भिंत आहे त्याला विचारून 3 ते 14 जानेवारीचे बारा चौकोन आखा. पाणी येईल त्या दिवशी मुलांनी निळा थेंब काढायचा, नाही आलं तर कोरडा हंडा. पुढं निवेदन द्यायला जाल तेव्हा या भिंतीचा फोटो आणि बायकांच्या ओव्या सोबत असू द्या. सभा घ्यायचीच असेल तर त्यानंतर घ्या, आणि बोलायला वस्तीतल्याच बाईला उभं करा.

14 तारखेला सकाळी विद्यापीठ गेटवर अभिवादनाला जालच, संध्याकाळी वस्तीत तिळगूळ वाटा. पण हळदीकुंकू नको. वाण सगळ्या बायकांना सारखं द्या. नवरा गेलेल्या बाईला संक्रांतीत उंबऱ्याशी थांबायची सवय लावली गेली आहे. तुम्ही पाहिलेल्या त्या दारांत अशाही काहीजणी असतील. त्यांना घरी जाऊन हाताला धरून आणा.

डफवाल्याची बिदागी आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. पाचट ओंजळभरच घ्या, मंडपाच्या कापडापासून लांब. खरं तर मंडप घालूच नका. जाळाजवळ भरलेली बादली हवी. नळाचा दिवस नसेल, तर आधीच भरून ठेवा.