आधी खातं बंद, मग ॲप

प्रश्न : निपाणीत किराणा दुकान आहे. कागल-कोल्हापूरकडचंही गिऱ्हाईक येतं. कुणाकडे कुठलं ॲप असेल सांगता येत नाही, म्हणून पैसे घ्यायची चार ॲप झाली आणि काउंटरवर चार क्यूआर. रात्री हिशोब जुळवताना जीव जातो. कमी केली तर गिऱ्हाईक तुटेल का?
— एक दुकानदार, निपाणी

उत्तर : नाही तुटणार. यूपीआयचा क्यूआर कुठल्याही कंपनीचा असला तरी तो कुठल्याही यूपीआय ॲपवरून स्कॅन होतो. तुम्हाला एकच पुरतो. ज्याचा स्पीकर नीट बोलतो आणि ज्याचे पैसे वेळेवर खात्यात पडतात, तो ठेवा.

उरलेली तीन काढताना मात्र घाई नको. फोनवरून ॲप उडवलं म्हणजे खातं बंद झालं, असं होत नाही. बँकेशी जोडणी आणि ऑटोपेची, म्हणजे ठरावीक तारखेला पैसे आपोआप कापायची, परवानगी मागे तशीच राहते. म्हणून पहिल्यांदा प्रत्येक ॲपमधून निदान चालू आर्थिक वर्षाचं स्टेटमेंट उतरवून घ्या. 2025 मध्ये यूपीआयवरच्या उलाढालीवरून कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या. तशी वेळ आली तर कुठली रक्कम धंद्याची आणि कुठली घरची, हे दाखवायला हाच कागद लागतो.

मग प्रोफाइलमध्ये जाऊन ऑटोपेची यादी उघडा. स्पीकरचं भाडं, एखादं ओटीटी, विम्याचा हप्ता तिथे सापडेल. विम्याचा ऑटोपे आधी ठेवायच्या ॲपवर लावा आणि जुना त्यानंतरच रद्द करा. मध्ये एक हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडू शकते. यूपीआय लाइट (पिन न टाकता छोटी रक्कम द्यायची सोय) वापरत असाल तर त्यातली शिल्लक, जी 5000 रुपयांपर्यंत असू शकते, बँक खात्यात परत वळवा. ती त्या फोनवरच्या त्या ॲपला बांधलेली असते. ॲप आधी काढलं की ती परत मिळवायला खेटे घालावे लागतात. एवढं झालं की बँक खातं ‘रिमूव्ह’ करा, प्रोफाइल बंद करा आणि सर्वात शेवटी ॲप काढा. स्पीकर परत देताना पोच मागून घ्या. जुने क्यूआर त्याच दिवशी फाडा. भिंतीवर राहिले तर गिऱ्हाईक सवयीनं तेच स्कॅन करणार, पेमेंट अडकणार आणि वाद तुमच्या काउंटरवर होणार.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या नोटिसा, हेस्कॉमचं विजेचं बिल, जमिनीची पहाणी (कर्नाटकातला सातबारा), सगळं कन्नडमध्ये. त्यासाठी भाषांतराची तीन ॲप, पहाणीचं एक आणि कन्नड टायपिंगचं एक घेतलं. फोन भरला, जाहिराती थांबत नाहीत.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पाचही काढता येतील. कन्नड कागद वाचायला गूगल ट्रान्सलेट एकटं पुरे. कन्नड ते मराठी निवडा, कॅमेऱ्याचं बटण दाबा आणि कागद सपाट ठेवून उजेडात फोटो घ्या. कागद दुमडलेला किंवा झेरॉक्स फिकट असली की अक्षरं चुकतात. आडनावं आणि गावांची नावंही कधी कधी ‘भाषांतरित’ होतात, त्यामुळे नाव आणि सर्व्हे नंबर मूळ कागदावर डोळ्यांनी ताडून घ्या. वारसा-वाटणीचा कागद असेल तर कन्नड जाणणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्यावा, हे आमचं ठाम मत आहे.

पहाणी ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच दिसते. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा महसुली गट), गाव आणि सर्व्हे नंबर ही माहिती हाताशी ठेवा. खासगी पहाणी ॲपला तुमचा नंबर आणि संपर्कयादी देण्याचं काहीच कारण नाही. हेस्कॉमचं बिल पैसे द्यायच्या ॲपमध्येच ‘वीज’ निवडून भरता येतं.

टायपिंगसाठी गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. सेटिंगमध्ये भाषा जोडल्या की स्पेसबार दाबून धरून बदलायच्या. अनोळखी कीबोर्ड आधी काढा. टाइप केलेला प्रत्येक शब्द, पासवर्डसुद्धा, त्याच्या हातातून जातो.

प्रश्न : फोन जलद करणारं क्लीनर ॲप ठेवावं का?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : नको. मेमरी अँड्रॉइड स्वतः सांभाळतो. क्लीनर मागची ॲप बंद पाडतो, ती पुन्हा सुरू होतात आणि बॅटरी उलट जास्त जाते. जागा हवी असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा आणि 5 एमबीहून मोठ्या फाइल्स बघून पुसा. तिथेच फोटो-व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड होणंही बंद करता येतं.